नारंगीच्या तळातले गोटे

एप्रिलच्या पहिल्या रविवारी हिमानीचं वजन सोळा किलो चारशे ग्रॅम भरलं. अमितानं ते वहीत लिहिलं, तारीख टाकली आणि पोरीला झोळीतून खाली उतरवलं.

झोळी म्हणजे एक जुनं सुती लुगडं. तिच्या नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या, संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये छताला टांगलेला डिजिटल काटा होता, त्याच्या हुकाला ती अडकवायची. हिमानी साडेसात महिन्यांची जन्मली होती, एक किलो नऊशे ग्रॅमची. नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ती एकवीस दिवस होती आणि अमिता बाहेरच्या बाकावर बसून रोजचा आकडा विचारत होती. घरी आल्यावरही तो आकडा सुटला नाही. पाच वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

"पोरगी आहे का माल आहे वं?" प्रफुल्ल म्हणायचा. "ग्रेडिंग बी करून टाक एखाद्या दिवशी."

अमिता हसायची, पण पुढच्या रविवारसाठी झोळी धुऊन वाळत टाकायची. भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलेली बाई, आकडा खोटं बोलत नाही यावर तिचा भरवसा होता.

म्हणून तर केशवरावांनी नावेच्या वजनाचं काम तिला दिलं.

केशवराव पांढुर्ण्याचेच. बावीस वर्षं नौदलात काढून परत आले आणि गावातल्या पोरांना पोहता येत नाही, पाण्याला बघून पाय कापतात, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. समुद्र इथून दीड दिवसाच्या वाटेवर. पण बोरगावच्या पलीकडे टेकड्यांमध्ये धरणाचा तलाव आहे, तिथं उन्हाळ्यातही वारा असतो. भोपाळकडच्या एका क्लबनं मोडीत काढलेली अठरा फुटी लाकडी शिडाची नाव त्यांनी ट्रकवर घालून आणली. एक मेपासून पंधरा दिवसांचं शिबिर, गावोगावची चाळीस मुलं, शिकवायला आठ स्वयंसेवक, असं ठरलं. अमिता स्वयंसेवक झाली त्याचं खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. हिमानी त्या नावेत बसायचा हट्ट धरणार हे तिला ठाऊक होतं, आणि आपली पोर ज्यात बसणार ती वस्तू तिला खिळ्याखिळ्यानं बघायची होती.

मार्चमधले दोन आठवडे नाव काठावर विटांच्या थप्पीवर उपडी होती. सगळ्यांनी मिळून तिचा जुना रंग खरवडला. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासला. कापसाला इथं काय तोटा. वरून राळ चोपडली, मग नारंगी रंगाचे दोन हात दिले. नावच 'नारंगी' ठेवलं. दुपारी उन्हाचा चटका वाढला की सगळे पळसाच्या सावलीत बसून दोरीच्या गाठी शिकायचे. केशवराव नौदलातल्या थाटात, मराठीत हिंदी मिसळून हुकूम सोडायचे, "शीड तैयार!", आणि उर्वशी नावाची कॉलेजातली मुलगी हमखास उलटी दोरी ओढायची.

"बेटा, तू शीड नाही, झेंडा चढवून राहिली," केशवराव म्हणायचे.

नावेला तळात वजन लागतं. शिडाला वारा लागला की नाव कलते, तळातलं वजन तिला सावरून धरतं. केशवरावांनी हिशेब केला: दोनशे चाळीस किलो. अमितानं शेडमधून संत्र्याच्या चोवीस जाळीदार पिशव्या आणल्या, कारण हंगाम संपला होता. त्या भरायचं काम भूपेंद्रनं अंगावर घेतलं. तो गवंडी, बोलायला मोकळा. दुसऱ्याच दिवशी छोटा टेम्पो घेऊन आला. मागं गोटे. मुठीएवढे, नारळाएवढे, गुळगुळीत, काळे-राखी.

"कुठून आणले?" अमितानं विचारलं.

"जाम नदीतून, वहिनी. पुलाखालून. तिथं का गोट्याले कमी आहे?" तो हसला. "अन् हे पाहा, अर्धे पांढुर्ण्याच्या काठाचे आणले, अर्धे सावरगावच्या काठाचे. उजव्या अंगाले पांढुर्णा, डाव्या अंगाले सावरगाव. मॅच बरोबरीची!"

सगळे हसले. अमिताही हसली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच पुलाखाली, पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी, दोन्ही काठांवरून हेच गोटे माणसांवर उडतात, दरवर्षी डोकी फुटतात, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. तिचं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. मध्ये एक पूल. लहानपणापासून तिनं ती गोटमार घराच्या बंद खिडकीतून ऐकली होती. आधी सावरगावच्या काठावर, मग पांढुर्ण्याच्या.

तिनं शेडमधला काटा आणून पळसाच्या फांदीला टांगला, एकेक पिशवी त्याला लावली, गोटे कमीजास्त करून बरोबर दहा किलोवर आणली, पांढऱ्या रंगानं नंबर घातले. एक ते बारा डावीकडे, तेरा ते चोवीस उजवीकडे. हिमानीच्या वजनाच्या त्याच वहीत, समोरच्या पानावर, तिनं चोवीस वेळा दहा लिहिलं.

नाव पाण्यात सोडली ती डावीकडे कलली.

फार नाही, चार बोटं. केशवरावांनी मधल्या आडव्या फळीवर भूपेंद्रची गवंडीकामाची पाणसळ ठेवली, तर बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. वारा नव्हता. नावेत कुणी नव्हतं. अमितानं डावीकडची एक पिशवी उजवीकडे ठेवली. नाव तशीच. दोन ठेवल्या, तशीच. तिसरी ठेवताना नाव एकदम उजवीकडे झुकली, एवढी की कडेवरून पाणी आत आलं.

पिशव्या काढल्या, पुन्हा काट्याला लावल्या. सगळ्या दहा-दहा.

"लाकूड आहे," केशवराव म्हणाले. "सुकलं होतं, आता पाणी पिऊन राहिलं. दोन दिवस जाऊ द्या."

दोन दिवसांनी ती उजवीकडे कललेली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. पिशव्यांना कुणी हात लावला नव्हता. नाव साखळीनं बांधलेली, किल्ली केशवरावांच्या खिशात. अमितानं सगळे गोटे ओतून दोन्ही काठांचे एकत्र कालवले, पुन्हा भरले. फरक पडला नाही. एका सकाळी सगळे काठावर चहा पीत असताना नावेतून आवाज आला. टक्. गोट्यावर गोटा आपटावा तसा. पाणी आरशासारखं होतं. काही वेळानं पुन्हा एकदा, पण दुसऱ्या अंगानं.

उर्वशीनं कप खाली ठेवला. "उंदीर असन," ती म्हणाली.

त्याच सकाळी हिमानी नावेत चढली. अमिता दोन पावलांवर होती. पट्टे घट्ट केलेलं लाइफ जॅकेट पोरीच्या अंगावर, तरीही तिनं दोन्ही हात पुढं केले. हिमानी पाय टाकत टाकत मधल्या फळीवर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून, शाळेत बसतात तशी.

नाव सरळ झाली.

हळू. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. केशवरावांनी पाणसळ तिच्याजवळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये.

"वा रे माही कॅप्टन!" भूपेंद्र ओरडला.

मग खेळच सुरू झाला. हिमानी उतरली की नाव कलायची, बसली की सरळ. उर्वशीनं बसून पाहिलं, काही नाही. भूपेंद्रच्या भाचीला बसवलं, हिमानीच्याच वयाची. नाव आणखी कलली आणि ती रडत उतरली. अमितानं सोळा किलो वाळूची गोणी भरून नेमकी त्याच जागी ठेवली. काही नाही. ती काठावर उकिडवी बसून वहीत आकृत्या काढत राहिली: गुरुत्वमध्य, उत्प्लावकता, बाण. सगळे बाण बरोबर होते. समोरची नाव चूक होती.

"ताई, डोकं नका शिणवू," केशवराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं. "पाण्यावरच्या सगळ्याच गोष्टी समजत नसतात. शिबिरात पोरीले मधात बसवू, बस. आपली पाणसळच समजा."

चाळीस मुलांची नावं आली होती. कलती नाव घेऊन शिबिर होणार नव्हतं, आणि या वर्षी झालं नाही तर पुन्हा कधी होणार नव्हतं. केशवरावांनी हे तोंडानं म्हटलं नाही. पण ते हिमानीकडे ज्या नजरेनं पाहत होते त्यात ते सगळं होतं. अमितानं मान हलवली. त्या आठवड्यापासून सरावाच्या वेळी हिमानी रोज तासभर मधल्या फळीवर बसू लागली. स्वयंसेवक तिच्याभोवती दोऱ्या ओढायचे, शीड फिरवायचे, आणि ती खाली तळाकडे बघत बसलेली असायची.

"कंटाळा नाही येत तुला?" अमितानं एकदा विचारलं.

"मी मधात बसली का ते चूप होतात," हिमानी म्हणाली.

"कोण?"

हिमानीनं खांदे उडवले आणि बिस्किटाचा पुडा मागितला.

रविवारी काट्यावर पंधरा किलो आठशे पन्नास.

उन्हाळा आहे, अमितानं स्वतःला समजावलं. तिनं काट्याला दहाचं वजन लावून पाहिलं. काटा बरोबर होता. पुढच्या रविवारी पंधरा तीनशे. तिनं टेप घेऊन दंड मोजला, छाती मोजली, उंची मोजली. सुतभर फरक नव्हता. गाल तसेच, फ्रॉक तसाच अंगाला बसलेला. पोर जेवत होती, पळत होती. फक्त कडेवर घेतली की हाताला काहीतरी कमी लागायचं. भरलेली म्हणून उचललेली घागर अर्धीच निघावी तसं.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली. "एकदम ठणठणीत आहे. उन्हात नेऊ नका. आणि वहिनी, दर आठवड्याला वजन नका करत जाऊ, तुम्हीच आजारी पडाल."

"ऐक जरा त्यायचं," प्रफुल्ल बाहेर आल्यावर म्हणाला. "काटा जुना झाला शेडमधला."

"दवाखान्यातल्या काट्यावरही तेवढंच भरलं."

गाडी सुरू करताना त्यानं हिमानीला पुढं बसवण्यासाठी उचललं, आणि अमितानं पाहिलं, त्याचे हात क्षणभर हवेत थबकले.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिनं तलावावर सगळ्या पिशव्या पुन्हा तोलल्या. शिबिराआधीची शेवटची तपासणी, केशवरावांनीच सांगितलं होतं. काही दहा किलो पन्नास, काही दहा शंभर. बेरीज दोनशे एक्केचाळीस किलो चारशे ग्रॅम. ओल धरली असेल, ती म्हणाली. गोटे कोरडे होते, तापलेले होते, हाताला चटका बसत होता. तरी तिनं वहीत लिहिलं: ओल.

रविवारी सकाळी ती हिमानीला घेऊन माहेरी गेली. पूल ओलांडताना पोर तिच्या कडेवर होती आणि वाऱ्याच्या झोतानं तिला हिमानीला दोन्ही हातांनी धरावंसं वाटलं. आई, शकुंतलाबाई, अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. अमितानं बोलता बोलता सगळं सांगितलं: नाव, कलणं, मधली फळी. हसत हसतच सांगितलं. आईचा हात पाटावरच थांबला.

"कुठले गोटे म्हणाली?"

"जामचे. पुलाखालचे."

"अवं अमिता." आईनं दबक्या आवाजात म्हटलं, "त्या दिवशी आंगणात येऊन पडलेला गोटा आपण दाराले अडसर म्हणून बी लावत नाही. चटणी नाही वाटत त्याच्यानं. दिवस बुडायच्या आत तुहे बाबा नदीत नेऊन टाकत. ध्यान नाही तुले?"

ध्यान होतं. तिला वाटायचं, अंगण स्वच्छ राहावं म्हणून.

"अन् दोन्ही काठचे एकाच नावेत घातले तुम्ही," आई म्हणाली. "अन् त्यायच्या मधात माही नात बसवली."

"आई, ते फक्त वजन आहे."

"मंग ने अन् टाकून दे. जिथले तिथं. आजच."

अमितानं वाद घातला नाही. तिला वाद घालायचाच नव्हता; कुणीतरी हे मोठ्यानं म्हणावं याचीच जणू ती वाट बघत होती. हिमानीला आईकडे ठेवून तिनं भूपेंद्रला फोन केला. तलावावर केशवराव आधी चिडले, मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी होकार दिला. वाळू भरायला नव्या पिशव्या त्यांनीच शिवायला घेतल्या. दुपारी दोनला, रस्त्यावर कुत्रंही नसताना, भूपेंद्रचा टेम्पो पुलाशी उभा राहिला. नदीत पाण्याची एक बारीक धार होती, बाकी सगळं पात्र गोट्यांचं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. दोघांनी चोवीस पिशव्या खाली नेल्या. दोराचं एकेक टोक सोडलं आणि गोटे गोट्यांवर ओतले. खडखडाट पुलाच्या कमानीत घुमला. शेवटची पिशवी रिकामी करून अमितानं मागं पाहिलं तेव्हा आपले कुठले आणि आधीचे कुठले हे ओळखू येत नव्हतं.

तिला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला.

संध्याकाळी वाळूच्या पिशव्या घातलेली नाव पाण्यात सरळ उभी राहिली. कुणीही बसो, कुठंही बसो, बुडबुडा मध्ये. केशवरावांनी व्हिडिओ करून पाठवला. त्यात भूपेंद्र मधल्या फळीवर उभा राहून नाचत होता.

अमितानं हिमानीला घरी आणलं, झोळीत बसवलं. रविवार होता. काट्यावर पंधरा किलो शून्य.

असू दे. आता भरून येईल. तिनं वही उघडली, डाव्या पानावर आकडा लिहिला आणि सवयीनं पहिल्या आकड्यातून वजा केला. एक किलो चारशे ग्रॅम.

उजव्या पानावर तिच्याच अक्षरात चोवीस पिशव्यांची बेरीज होती. दोनशे चाळीस. त्याच्याखाली शनिवारची, दोनशे एक्केचाळीस किलो चारशे. शेजारी लिहिलेलं: ओल.

तिनं दोन्ही पानं पुन्हा पुन्हा वाचली. वही मिटली. उघडली.

"आई, उतरव ना," हिमानी झोळीतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिता रिकामी पिशवी घेऊन एकटी पुलाखाली गेली. एक गोटा उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. ऊन वर येईपर्यंत ती तशी उचलत आणि ठेवत राहिली. काय शोधतो आहोत हे तिला सांगता आलं नसतं. वरून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईनं हाक मारली, "का हरवलं वं?" अमिता म्हणाली, "काही नाही."

शिबिर चांगलं झालं. चाळीसच्या चाळीस मुलं शिडाखाली बसून आली, दोघं पाण्यात पडली आणि हसत वर आली. केशवरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. हिमानी काठावरून टाळ्या वाजवत होती. नावेत बसायचं तिनं नाव काढलं नाही. तिचं वजन पुन्हा उतरलं नाही. जूनमध्ये पन्नास ग्रॅम वाढलं, जुलैत शंभर. वाढत होतं, पण पंधरापासून. डॉक्टर म्हणाले, पाहा, मी सांगितलं होतं. जामला पूर आला, पात्र भरून वाहिलं, ओसरलं. प्रफुल्लनं शेडमध्ये नवा काटा आणला. हळूहळू अमिता स्वतःलाच पटवू लागली होती की त्या वहीत दोन आकडे सारखे आले एवढंच झालं होतं. जगात कितीतरी आकडे सारखे येतात.

मग पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहराचे रस्ते सकाळपासून नदीकडे वाहू लागले. अमितानं खिडक्या लावल्या, दार लावलं, कडी दोनदा तपासली. घर नदीपासून चांगलं दूर होतं. तरी दुपारनंतर तो आवाज भिंतीतून येऊ लागला. आधी ढोल, मग हजारो गळ्यांचा एक गळा, आणि त्याच्या खालून, पात्रातून उचललेल्या गोट्यांची, बारीक, टक्, टक्.

हिमानी फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. नारंगी नाव, निळं पाणी. अमिता भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती. दारं बंद होती, पोर डोळ्यांसमोर होती, दोघींत हातभराचं अंतर होतं.

हिमानीचा खडू थांबला.

तिनं मान वर केली, आधी छताकडे पाहिलं, मग आईच्या दोन्ही हातांकडे. ते अमिताच्या मांडीवर होते.

"आई," ती म्हणाली, "मले कोण उचलून राहिलं?"

आणि झोका उंच जाऊन थांबतो तेव्हा मिटतात, तसे तिनं डोळे गच्च मिटून घेतले.